मुलगा मोहिमेवर, कारभार आपल्या हाती: सैनिकाच्या आई-वडिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडे काही गावांत घरटी एक माणूस फौजेत असतो, त्यामुळे माहितगार माणूस शेजारच्या ओसरीवरच भेटतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत तसं नाही. आठव्या मजल्यावरचा मुलगा सैन्यात आहे हे सहाव्या मजल्याला ठाऊक नसतं. तो मोहिमेवर गेला की त्याचं घर, कर्ज, बँक, सोसायटी सांभाळणारे आई-वडील एकटे पडतात. मी अशाच एका सैनिकाची आई आहे. माझी नोकरी सहकारी बँकेत काउंटरवर झाली, त्यामुळे सह्या, अधिकारपत्रं, खात्यांचे नियम अंगवळणी पडले आहेत. ओळखीतल्या पालकांनी वर्षानुवर्षं विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांना मी आधी एकच सांगते: मुलाच्या नावाचं काम आपण करणार असू, तर ते करण्याचा लेखी अधिकार आपल्याकडे हवा. आपण त्याचे आई-वडील आहोत, एवढ्यावर कुठल्याही खिडकीतला माणूस काम करत नाही, आणि त्याने करूही नये.

मुलाला सुट्टीतून परत बोलावलं आहे. निघायला एकच रात्र आहे. काय करून घ्यावं?

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी अनेक जवान सुट्टी अर्धवट टाकून निघाले. कुणाची लग्नाची हळदही उतरली नव्हती. एका रात्रीत नोटरी मिळत नाही आणि निबंधक कार्यालय उघडं नसतं, तेव्हा त्या रात्री कायदेशीर कागदांच्या मागे धावू नका. एक वही घ्या आणि त्याच्याकडून लिहून घ्या: त्याचा सर्व्हिस नंबर, हुद्दा, युनिटचं नाव, पिनकोडसह एपीओचा, म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाचा पत्ता, त्याच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता आणि युनिटच्या मागे राहणाऱ्या रिअर पार्टीतल्या एखाद्या माणसाचा नंबर. मग बँक खाती कुठे कुठे आहेत, कर्जाचा हप्ता कुठल्या तारखेला आणि कुठल्या खात्यातून जातो, विम्याच्या पॉलिसी, एसआयपी, गाडीचा विमा कधी संपतो, कुणाला उसने दिले आणि कुणाकडून घेतले. पासवर्ड आणि पिन लिहून घेऊ नका.

त्या रात्री बरेच पालक आणखी एक गोष्ट करतात, ती कृपा करून टाळा: कोऱ्या कागदांवर आणि कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवणं. बँकेत असताना अशा चेकांमुळे सख्ख्या भावांत उभे राहिलेले वाद मी पाहिले आहेत. हरवलेला सही केलेला कोरा चेक कुणाच्याही हातात पैसे देऊ शकतो, आणि कोऱ्या कागदावर नंतर काय लिहिलं गेलं याला मुलाकडे काहीच उत्तर नसतं.

कुलमुखत्यारपत्र हवंच का? साधं अधिकारपत्र पुरत नाही का?

काम कुठलं आहे त्यावर अवलंबून. वीजबिल, पाणीपट्टी, गॅस, मालमत्ता कर भरायला कसलाच अधिकार लागत नाही. ठाणे महानगरपालिका, नवी मुंबई महानगरपालिका किंवा महावितरण पैसे कोण भरतो हे विचारत नाही. सोसायटीकडून एखादा दाखला आणायचा, शाळेतून नातवाचं बोनाफाइड घ्यायचं, यासाठी त्याच्या सहीचं साधं पत्र आणि ओळखपत्राची प्रत बहुतेक वेळा चालते.

पण त्याच्या वतीने सही करायची असेल, करार करायचा असेल, भाडेकरू ठेवायचा असेल, बँकेशी कर्जाबाबत बोलायचं असेल, तर मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, लागतं. ते दोन प्रकारचं असतं. एकाच कामासाठी दिलेलं ते खास मुखत्यारपत्र, आणि अनेक कामांसाठी दिलेलं ते सर्वसाधारण. वकील बरेचदा छापील मसुदा पुढे करतात, ज्यात जगातले सगळे अधिकार असतात. माझं मत वेगळं आहे. मुलाला खरोखर जी कामं सोपवायची आहेत तीच कलमवार लिहा: अमुक खातं चालवणं, अमुक फ्लॅटचा भाडेकरार करणं, सोसायटीत प्रतिनिधित्व करणं, कर विवरणपत्राबाबत पत्रव्यवहार करणं. बँकेचा अधिकारी मुखत्यारपत्र वाचतो तेव्हा त्याला खातेक्रमांक आणि शाखा लिहिलेली दिसली तर काम लगेच पुढे सरकतं. ‘सर्व बँकिंग व्यवहार’ असं मोघम लिहिलेलं असलं की फाइल विधी विभागाकडे जाते आणि तिथेच पडून राहते.

नोटरीकडे केलेलं मुखत्यारपत्र दैनंदिन कामांना चालतं. घर विकत घेणं, विकणं, गहाण ठेवणं यासाठी मात्र दुय्यम निबंधकासमोर नोंदवलेलंच करा. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनी भाडेपट्ट्यावर असल्यामुळे हस्तांतराला सिडकोची परवानगीही लागते, त्या अर्जावर सही करण्याचा अधिकारही त्यात शब्दशः लिहून घ्या.

मुखत्यारपत्र देणारा हयात आणि शुद्धीत आहे तोपर्यंतच ते जिवंत असतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याचा मृत्यू झाला की ते आपोआप संपतं. म्हणजे ते मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही. आणि सही करताना मुलाची सही गिरवायची नसते. सही आपली, खाली त्याचं नाव आणि ‘तर्फे कुलमुखत्यार’ हे शब्द.

तो निघून गेला आणि मुखत्यारपत्र करायचं राहिलं. आता काय?

मसुदा इथे वकिलाकडून करून घ्या आणि स्पीड पोस्टाने त्याला पाठवा. तो जिथे आहे तिथल्या नोटरी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर सही करू शकतो. पुढच्या चौकीवर असेल तर ते जमणार नाही. मग तो पाठीमागच्या तळावर येईपर्यंत थांबावं लागेल. तोवर एखादं सोसायटीचं किंवा बँकेचं काम अडलं, तर युनिटच्या अधिकाऱ्याने शिक्का मारून साक्षांकित केलेलं त्याच्या सहीचं पत्र मागवा. ते मुखत्यारपत्राची बरोबरी करत नाही, पण सही त्याचीच आहे याची खात्री पटते आणि बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर मुदतवाढ मिळते.

त्याचं सिमकार्ड घरीच आहे. ओटीपी आमच्याच हातात येतो. मग त्याच्या नेट बँकिंगमधून पैसे पाठवले तर काय बिघडलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि माझं उत्तर पालकांना आवडत नाही. तसं करू नका. पुढच्या भागात फोन नेता येत नाही म्हणून मुलं फोन घरी ठेवून जातात आणि कुणाचा काही वाईट हेतू नसतो. पण ते खातं त्याचं आहे. पासवर्ड दुसऱ्याला देणं हा बँकेच्या अटींचा भंग आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपी दुसऱ्याला दिल्यामुळे फसवणूक झाली, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. उद्या कुणी लिंक पाठवून खातं साफ केलं, तर ‘ओटीपी आईच्या हातात होता’ ही गोष्ट त्याच्याच विरुद्ध जाईल.

सरळ मार्ग दोन आहेत. पहिला, घरखर्चासाठी त्याचं आणि आपलं संयुक्त खातं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने चालवू शकेल असं. पगार त्याच्या डिफेन्स सॅलरी खात्यात जमा होतो, तिथून ठरलेली रक्कम दर महिन्याला या संयुक्त खात्यात आपोआप येईल अशी स्थायी सूचना तो देऊन ठेवतो. त्यातून हप्ते, मेंटेनन्स, शाळेची फी, सगळं आपण आपल्या कार्डाने आणि आपल्या नंबरवर आलेल्या ओटीपीने करतो. दुसरा, त्याच्या एकट्याच्या खात्यावर आपल्या नावाचं मँडेट: त्याच्या सहीच्या अर्जावर बँक आपली नमुना सही नोंदवून घेते. मला पहिला मार्ग जास्त आवडतो, कारण त्यात दोन पैशांची सरमिसळ होत नाही.

सिमकार्ड घरी असेल तर त्याचा रिचार्ज संपू देऊ नका. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला गेला नाही तर बंद होऊ शकतो, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. आधार, बँक, पॅन सगळं त्याच नंबराला जोडलेलं असतं.

त्याचं आयकर विवरणपत्र कोण भरणार?

आयकराच्या पोर्टलवर दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या अधिकृत व्यक्तीची नोंद करण्याची सोय आहे. मुखत्यारपत्राच्या आधारे ती करून घ्या. नेहमीच्या पगारदाराला ३१ जुलै ही तारीख असते. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी व्हावी लागते, आणि ती ओटीपीने जमत नसेल तर सही केलेली पोचपावती टपालाने बेंगळुरूला पाठवता येते. फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, त्याच्याकडून आधीच मागवून ठेवा.

सून घरात आहे. मग कारभार आम्ही करायचा की तिने?

हा प्रश्न खरं तर पैशाचा नसतो. लग्नानंतर मुलाच्या घरच्या बाबतीत पहिला शब्द त्याचा आणि सुनेचा. सैन्यात लग्नाची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ या अधिकृत नोंदीत होते आणि त्यानंतर नेक्स्ट ऑफ किन म्हणून साधारणपणे तिचं नाव लागतं. युनिटमधून फोन आला तर तो आधी तिला येईल. हे ऐकून काही आयांना लागतं. मला ते योग्य वाटतं.

सून नोकरी करते, मूल लहान आहे, कोर्ट नाक्यावर फेऱ्या मारायला सासरे निवृत्त आहेत म्हणून मोकळे आहेत, अशी वाटणी होत असेल तर उत्तमच. पण मुखत्यारपत्र सासऱ्यांच्या नावाचं असलं तरी त्याची प्रत सुनेच्या कपाटात हवी आणि संयुक्त खात्याचं पासबुक तिला कधीही पाहता आलं पाहिजे. दोघांना मिळून अधिकार देणारं मुखत्यारपत्रही करता येतं. त्यात ‘दोघांपैकी कुणीही एक’ की ‘दोघांनी मिळून’ हे स्पष्ट लिहा, नाहीतर प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या मागितल्या जातील. मुलाला फोनवर मिळालेली मोजकी मिनिटं सासू-सुनेच्या तक्रारी ऐकण्यात जाऊ नयेत. विहीण-व्याही जवळ राहत असतील, कळव्याला, ऐरोलीला, कुठेही, तर त्यांनाही काय चाललं आहे ते माहीत असू द्या.

नॉमिनी, नेक्स्ट ऑफ किन आणि वारस यांत फरक काय? मृत्युपत्राचं बोलणं अशुभ वाटतं.

अशुभ वाटतं हे मला समजतं. पण सैन्य स्वतः प्रत्येक जवानाकडून हे कागद भरून घेतं. त्याला हा विषय नवा नसतो. आपण विचारला नाही तर तोही आपणहून काढत नाही, एवढंच.

नेक्स्ट ऑफ किन म्हणजे ज्याला सर्वांत आधी कळवायचं तो माणूस. नॉमिनी म्हणजे एखाद्या ठरावीक खात्याची किंवा विम्याची रक्कम ज्याच्या हाती सोपवायची तो. सैन्याचा समूह विमा, म्हणजे एजीआयएफ, आणि भविष्य निर्वाह निधी यांची नामनिर्देशनं वेगवेगळी असतात. कुटुंब निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे विवाहित सैनिकाच्या पत्नीला आधी मिळतं. बँक खात्यातला नॉमिनी हा बहुतेक वेळा केवळ विश्वस्त असतो; पैसे शेवटी वारसांचेच. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते.

आणि वारस? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत पत्नी, मुलं आणि आई येतात. वडील येत नाहीत, ते दुसऱ्या वर्गात आहेत. मुलाच्या फ्लॅटसाठी आपली सगळी पुंजी ओतणाऱ्या वडिलांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. म्हणून मुलाने साधं मृत्युपत्र करावं: कागदावर लिहिलेलं, दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं, साक्षीदार शक्यतो लाभार्थी नसलेले. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. ‘लढाईत असलेल्या सैनिकाचं तोंडी मृत्युपत्रही चालतं’ असं कुणीतरी सांगेल. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात तशी तरतूद आहे, पण हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना तो भाग लागू होत नाही. साक्षीदारांसमोरचा लेखी कागदच करा.

वैयक्तिक अपघात विम्याच्या पॉलिसीत युद्ध सहसा वगळलेलं असतं. त्याने बाहेरून अशी पॉलिसी घेतली असेल तर ते कलम वाचून घ्या.

आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे आणि फ्लॅट मुलाच्या नावावर आहे. त्याच्याशिवाय निर्णय झाले तर?

नौपाड्यात, वर्तकनगरात, वाशीच्या जुन्या सेक्टरांत हा प्रश्न आज घरोघरी आहे. पुनर्विकासाची प्रक्रिया ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे चालते. विशेष सर्वसाधारण सभेत एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते आणि सभेचं चित्रीकरण होतं. मुलगा गैरहजर आहे म्हणून सभा थांबत नाही. म्हणून त्याचा आवाज सभेत पोचवण्याची व्यवस्था आधीच करा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सहयोगी सदस्यत्व. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये जो भाग घातला गेला, त्यात आई, वडील, पत्नी अशा जवळच्या नातेवाइकांना सभासदाच्या लेखी संमतीने सहयोगी सदस्य होता येतं आणि त्याच्या वतीने त्याचे हक्क बजावता येतात. भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, नाव चढवावं लागत नाही, मालकी बदलत नाही. अर्ज दोन पानांचा, पण सुट्टीत आलेल्या मुलाकडून तो भरून घ्यायचं सगळे विसरतात.

यापुढचं मात्र सहयोगी सदस्यत्वाने भागत नाही. बिल्डरबरोबरचा पर्यायी जागेचा करार नोंदवायला मालकाची सही लागते, किंवा नोंदणीकृत मुखत्यारपत्र. त्यात पर्यायी जागेचं क्षेत्रफळ, मधल्या काळाचं भाडं, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, आणि ताबा यांबाबत सही करण्याचा अधिकार स्वतंत्रपणे लिहून घ्या. ‘पुनर्विकासासंबंधी सर्व’ असा एक शब्दप्रयोग टाकून मोकळे होऊ नका. सोसायटीतले लोक तुमच्यावर घाई करतील. एका घरामुळे काम अडलं असं ऐकवतील. तेव्हा शांतपणे सांगा की मालक देशाच्या कामावर आहे, कागद पाठवला आहे, पोचपावती ही. सचिवांना प्रत्येक गोष्ट लेखी द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या.

गावच्या जमिनीवरून चुलत्यांनी दावा लावला आहे. नोटीस मुलाच्या नावाची आहे. तो येऊ शकत नाही.

नोटीस परत पाठवू नका आणि कपाटातही ठेवू नका. सैनिकासाठी कायद्यात दोन भक्कम आधार आहेत आणि अनेक वकिलांनाही ते पटकन आठवत नाहीत.

पहिला, दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश २८. ज्याला सुट्टी मिळू शकत नाही असा सैनिक आपल्या वतीने दावा लावायला किंवा लढवायला कुणालाही लेखी अधिकार देऊ शकतो. ती सही त्याच्या कमांडिंग ऑफिसरसमोर व्हावी लागते आणि त्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागते. तो कागद कोर्टात दाखल झाला की वडील स्वतः उभे राहू शकतात किंवा वकील देऊ शकतात. इथे नोटरीकडे जायची गरजच नाही.

दुसरा, १९२५ चा भारतीय सैनिक (दावे) कायदा. सैनिक युद्धस्थितीत किंवा विशेष परिस्थितीत सेवेत असेल आणि हजर राहू शकत नसेल, तर जिल्हाधिकारी तसं कोर्टाला प्रमाणित करून कळवू शकतात आणि कोर्ट कामकाज स्थगित ठेवतं. त्या सेवेचा काळ मुदतीच्या हिशेबातूनही वगळता येतो. अर्ज करताना युनिटचा सेवेचा दाखला जोडा. हा कायदा शंभर वर्षांचा जुना आहे आणि आजही लागू आहे. वकिलाला त्याचं नाव लिहूनच द्या.

दावा नसला तरी सातबारावर लक्ष ठेवा. फेरफाराची नोटीस आली की हरकतीला पंधरा दिवस मिळतात. तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, मुलगा सेवेत असल्याचं पत्र देऊन ठेवा आणि ऑनलाइन सातबारा दर महिन्याला एकदा उघडून बघा.

तो मोहिमेवर असताना त्याचं मत वाया जातं का?

मुळीच नाही. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत सेवा मतदाराला टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली जाते. ती छापून, खूण करून तो टपालाने परत पाठवतो. त्याऐवजी सैन्यातल्या मतदाराला २००३ पासून आणखी एक हक्क आहे: आपल्या वतीने मत द्यायला प्रतिनिधी नेमण्याचा. नमुना १३ एफ भरायचा, त्याने कमांडिंग ऑफिसरसमोर सही करायची, मग तो कागद आपल्याकडे येतो आणि आपण नोटरी किंवा प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यासमोर सही करून निवडणूक अधिकाऱ्याकडे देतो. प्रतिनिधी त्या मतदारसंघाचा रहिवासी हवा. नेमणूक रद्द करेपर्यंत चालू राहते. मुलाचं मत देताना शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागते; स्वतःचं मत वेगळं, नेहमीप्रमाणे. कुणाला मत द्यायचं हे मात्र त्याला आधी विचारून घ्या. ते मत त्याचं आहे.

पत्र किंवा फराळ कुठल्या पत्त्यावर पाठवायचा?

नंबर, हुद्दा, नाव, युनिट, पिनकोड आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’. सैन्याचे पिनकोड ९ ने सुरू होतात. ठिकाणाचं, राज्याचं, जवळच्या गावाचं नाव लिहायचं नाही, तुम्हाला माहीत असलं तरी. खासगी कुरिअर या पत्त्यावर जात नाही, भारतीय टपालच. दिवाळीचा फराळ पाठवायचा तर बरंच आधी पाठवा आणि टिकणारे पदार्थ निवडा: चकली, शंकरपाळे, कोरडी शेंगदाण्याची चटणी. ओल्या नारळाच्या करंज्या पाठवू नका.

घरी कुणी अचानक आजारी पडलं तर त्याला कसं कळवायचं? कळवावं का?

कळवावं. फोन लागत नसेल तर रिअर पार्टीला किंवा युनिटच्या कार्यालयाला कळवा. निरोपात सर्व्हिस नंबर, हुद्दा, नाव, आजारी माणसाचं नातं, रुग्णालयाचं नाव, डॉक्टरांचं मत आणि तुमचा नंबर एवढं हवं. डॉक्टरांचा दाखला सोबत पाठवला तर सुट्टीच्या अर्जाला आधार मिळतो. युनिटशी संपर्क होत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. मोहीम चालू असताना सुट्टी मिळेलच असं नाही, आणि न मिळाल्याबद्दल त्याच्यावर चिडू नका. निर्णय त्याच्या हातात नसतो.

काय सांगू नये असंही पालक विचारतात. माझी पद्धत सांगते. गंभीर आजार, मृत्यू, कोर्टाची नोटीस, मोठा आर्थिक निर्णय हे कधीही लपवायचं नाही. पुढे कळल्यावर त्याचा आपल्यावरचा विश्वासच जातो. गळका नळ, मेंटेनन्सची कुरबूर, शेजाऱ्याशी पार्किंगवरून झालेली बाचाबाची हे आपण निस्तरायचं. आणि सांगताना आधी काय झालं, मग आपण काय केलं, मग त्याच्याकडून काय हवं, या क्रमाने. रडत सुरुवात केली तर मधेच फोन तुटतो आणि तो तिकडे रात्रभर तेवढ्यावरच विचार करत बसतो.

बातम्या बघून जीव घाबरतो. सोसायटीच्या ग्रुपवर लोक विचारत राहतात.

त्याचं युनिट, ठिकाण, निघण्याची तारीख, गाडीचा नंबर, वर्दीतला फोटो ग्रुपवर टाकू नका. अभिमानाने टाकलेला स्टेटससुद्धा नाही. सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नये असं वाहिन्यांनाही सरकार बजावतं. आपल्या घरातल्या फोनलाही तोच नियम लावा. लोकांनी विचारलं की ‘ठीक आहे, कामावर आहे’ एवढंच सांगायचं. बरीवाईट अधिकृत बातमी युनिट, रेकॉर्ड ऑफिस किंवा स्थानिक लष्करी मुख्यालयाकडून येते. टीव्हीच्या पट्टीवरून येत नाही.

‘तुमचा मुलगा जखमी आहे, उपचाराला पैसे पाठवा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे. जखमी सैनिकाचा उपचार सैन्य करतं, घरच्यांकडे पैसे मागत नाही. फोन बंद करून युनिटला विचारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा.

आमच्या स्वतःच्या आजारपणाचं काय? ईसीएचएस आहे ना?

ईसीएचएस ही आरोग्य योजना निवृत्त सैनिकांसाठी आहे. सेवेत असलेल्या सैनिकाच्या अवलंबित आई-वडिलांना लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात. आपल्याला जवळचं मोठं म्हणजे कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी. त्यासाठी आपली नावं त्याच्या नोंदीत अवलंबित म्हणून हवीत आणि कार्ड हवं. उत्पन्नाची मर्यादा असते, त्यामुळे चांगलं निवृत्तिवेतन असणारे आई-वडील त्यात बसत नाहीत. तेव्हा स्वतःचा आरोग्य विमा चालू ठेवा.

मुलगा अग्निवीर आहे. वेगळं काय?

चार वर्षांची सेवा, वर्षाला तीस दिवस सुट्टी, ४८ लाखांचं विमा कवच ज्याचा हप्ता त्याच्याकडून घेतला जात नाही. पगारातले तीस टक्के सेवा निधीत जातात आणि सरकार तेवढीच भर घालतं. निवृत्तिवेतन नाही. म्हणून त्याच्या हातात येणाऱ्या पगारावर घराचं मोठं कर्ज उभं करू नका. चार वर्षांनी हप्ता कोण भरणार ते आधी ठरवा.

ठाणे-नवी मुंबईत जायचं कुठे?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. जिल्हाधिकारी त्या मंडळाचे अध्यक्ष असतात. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात, म्हणून तिथल्या पालकांचं कार्यालय अलिबागला. खारघरचे लोक ठाण्याला येऊन परत जातात म्हणून हे मुद्दाम लिहिलं. वर पुण्याला राज्याचा सैनिक कल्याण विभाग आहे. रेकॉर्ड ऑफिस मात्र रेजिमेंटप्रमाणे: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला.

हिशेब किती काटेकोर ठेवावा? आपल्याच मुलाला हिशेब द्यायचा?

हो, आपल्याच मुलाला. करार कायद्यातही मुखत्याराने हिशेब द्यायचा असतो. एक वही किंवा एक्सेलची फाइल, प्रत्येक खर्चापुढे तारीख आणि कारण, पावत्या महिन्यानुसार पाकिटात. आपण त्याच्यासाठी स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे वेगळ्या रकान्यात लिहा. ते परत घ्यायचे की नाहीत हे नंतर ठरवा, पण लिहा. दुसरी मुलं असतील तर ही वही त्यांच्यासाठीही उपयोगी पडते. ‘दादाच्या पैशांतून घर चालतं’ किंवा ‘आईने दादावरच सगळं उधळलं’, दोन्ही गोष्टी बोलल्या जातात आणि आकड्यांनीच थांबतात.

तो सुट्टीवर आला की पहिल्याच संध्याकाळी वही पुढे ठेवू नका. त्याला झोपू द्या, पोराशी खेळू द्या. परतीच्या आधी एक दुपार मात्र ठरवून घ्या, सुनेसह. त्या दुपारी मुखत्यारपत्राची कलमंही बघा. एखादा अधिकार आता नको असेल, किंवा बदली शांत ठिकाणी झाली म्हणून सगळंच रद्द करायचं असेल, तर नुसतं फाडून चालत नाही. नोंदणीकृत असेल तर रद्दलेखही नोंदवावा लागतो, आणि जिथे जिथे प्रत दिली आहे त्या बँकेला, सोसायटीला, वकिलाला लेखी कळवून पोच घ्यावी लागते.